जेठाला 'थांब' म्हणायचं कसं

आमच्या जिनिंगमध्ये सुरक्षेचा विषय आणला तो विमा कंपनीच्या माणसाने. शहाद्याहून ब्राह्मणपुरीकडे निघालं की रस्त्यापासून जरा आत आमची जिनिंग आहे. शेतातला कापूस येतो, सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते आणि रुईच्या गाठी ट्रकमध्ये भरून गुजरातकडे जातात. विमावाला आला तेव्हा आमचा एक हमाल कापसाच्या ढिगावर पाय पसरून बिडी ओढत होता. विमावाल्याने ढिगाकडे पाहिलं, बिडीकडे पाहिलं आणि सरळ गाडीत जाऊन बसला. शेठ मागे धावले, म्हणाले, चहा तरी घ्या. त्याने काच खाली केली. "आधी सुरक्षेची काही व्यवस्था करा. चहा नंतर."

शेठच्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन इथे दुकान टाकलं. शेठ घरात मारवाडी बोलतात, ट्रकवाल्यांशी हिंदी आणि बाजारात आमच्याहून अस्सल अहिराणी. त्यांनी मला आत बोलावलं. मी तिथला मॅनेजर. म्हणजे दारावरच्या पाटीवर मॅनेजर, शेठ मुनीम म्हणतात, आणि बायको जे म्हणते ते छापण्यासारखं नाही.

"मुनीम, तुम्ही नाशिकले जा," शेठ म्हणाले. "तठे सुरक्षानं ट्रेनिंग शे. शिकी या आनि आपला आठे बसाडी द्या."

सुरक्षा म्हणजे जणू विहिरीवरची मोटर. आणायची आणि बसवायची.

नाशिकला थंडगार हॉलमध्ये टाय लावलेले एक साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. त्यांच्या सगळ्या बोलण्यातून मी एक गोष्ट मनापासून उचलली. सुरक्षा एकट्याची नसते, ती वाटून घ्यायची असते. मालक, मॅनेजर, कामगार, प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी. हे मला फारच आवडलं. तोवर जिनिंगमधलं सगळं माझ्याच डोक्यावर यायचं. ते वाटता येतं, आणि असं वाटणं हीच प्रगती समजतात, हे कळल्यावर मला त्या हॉलमधली थंडीही गोड लागली. निघताना त्यांनी पिवळं हेल्मेट दिलं. पिशवीत मावेना म्हणून ते डोक्यावर घालूनच मी बसमध्ये चढलो. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "साहेब, पूल कुठं बांधताय?"

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली सगळ्यांना बसवून मी जाहीर केलं, की आजपासून सुरक्षा सगळ्यांची. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी वाटप सुरू केलं आणि माझ्या लक्षात आलं, की प्रत्येकजण जबाबदारी घ्यायला तयार आहे, फक्त शेजारच्याने काय घ्यावं ते सांगतो आहे. हमाल म्हणाला, बिडीचं वॉचमनने बघावं. वॉचमन म्हणाला, गेटच्या आतलं माझ्याकडे येत नाही. आमचा फिटर फार हिशोबी बोलणारा. "वायर मन्ही," तो म्हणाला. "वायरले लावनारा हात ज्याना त्याना." शेठ खुर्चीवर बसले होते. त्यांनी हात जोडले. "प्रार्थना मी करसु."

बायांच्या वाट्याला मी आगीच्या बादल्या दिल्या. लाल रंगवलेल्या, वाळूने भरलेल्या. आठवडाभरात वाळू निम्म्यावर आली. मी बायांच्या मुकादमणीला गाठलं. तिला सगळी जिनिंग आक्का म्हणते. ती माझ्याच गावची लेक. सासरच्यांशी पटलं नाही म्हणून केव्हाच माहेरी येऊन राहिलेली. तिच्या म्हणण्याप्रमाणे सासरच्यांचं तिच्याशी पटलं नाही.

"आक्का, वाळू कुठे गेली?"

"डबा घासाले," आक्का शांतपणे म्हणाली. "आग काय रोज लागस का? डबा रोज खराब व्हतस."

मी 'वाळू फक्त आगीसाठी' अशी पत्र्याची पाटी रंगवून बादल्यांवर लावली. तिसऱ्या दिवशी वाळू आणखी उतरली होती आणि पाटी पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून नीट बसली होती.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. जे हसण्यावारी नेता येत नव्हतं ते भिंतीच्या कडेला होतं. आमची यंत्रं जुन्या पद्धतीची. भिंतीलगत एक लांब लोखंडी दांडा फिरतो, त्यावरून पट्टे खाली उतरतात आणि एकेक पट्टा एकेक यंत्र फिरवतो. बाया ओळीने उभ्या राहून यंत्रांत कापूस सोडतात. पट्ट्यांना जाळ्या आहेत, पण दांड्याला तेल द्यायचं तर जाळी उघडावीच लागते. ते काम आप्पांचं. आप्पा वयस्कर, कामात पक्के, आणि गळ्यात कायम पांढरा मोठा बागायती रुमाल. तो रुमाल गळ्यात नसलेले आप्पा मी लग्नातही पाहिले नव्हते आणि मौतीलाही नाही. तेल द्यायला वाकले की त्या रुमालाचं टोक खांद्यावरून घसरायचं आणि फिरत्या पट्ट्याच्या वाऱ्याने फडफडायचं. पट्टा कापड धरतो तेव्हा सोडत नाही. कापडाच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते तो बघत नाही.

त्यावर मी नाशिकचा उपाय काढला. जोड्या. प्रत्येकाने आपल्या जोडीदारावर नजर ठेवायची आणि धोका दिसला की मोठ्याने 'थांब' म्हणायचं. मग समोरचा कितीही मोठा असो, त्याने थांबायचं. जोड्या मी केबिनमध्ये बसून लावल्या. कोण कोणाच्या जवळ उभं असतं, एवढंच पाहिलं. आप्पा तेल देतात तिथून हाताच्या अंतरावर शेवटच्या यंत्रावर एक बाई उभी असायची. जिनिंगमध्ये तिला धाकटी म्हणायचे. आप्पांची जोडी मी धाकटीशी लावली आणि स्वतःवर खूश होऊन एक कप चहा जास्त प्यालो.

मग यंत्रं बंद ठेवून सराव घेतला. मी आप्पांना म्हटलं, खोटं खोटं पट्ट्याजवळ वाका. आप्पा वाकले. मी धाकटीकडे वळलो.

"हं. म्हणा, थांब."

धाकटीने पदर कपाळावरून नाकापर्यंत ओढला.

"म्हणा की. घाबरायचं नाही."

पदर हनुवटीपर्यंत आला. मग ती सरळ पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ओळीतल्या बाकीच्या बायांचेही पदर सरसर पुढे आले. आप्पा वाकलेलेच. तेलाच्या बुधलीकडे असे निरखून पाहत होते, जणू ती आज पहिल्यांदा दिसली. कान लालबुंद. फिटर मात्र खोकत खोकत बाहेर निघून गेला. मी शेठना जाऊन सांगितलं, की शिस्त अशी आहे, कोणी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

संध्याकाळी जेवताना मी हे मोठ्या अभिमानाने बायकोला सांगितलं. तिने थापता थापता भाकर थांबवली.

"आप्पासंगे कोनले लावं म्हने?"

"धाकटीला. जवळजवळ उभी असतात ना."

"जवळ उभ्या ऱ्हातस. एकाच घरमा ऱ्हातस," बायको म्हणाली. "ती त्यासना धाकला भाऊनी बायको शे. आप्पा तिना जेठ. लगीन व्हईसन इतला वरीस व्हयनात, एक सबद बोलेल नही ती त्यासले. आनि तुम्ही तिले सांगतस, जेठले 'थांब' म्हन. तेबी बठ्ठासना समोर, वरडीसन."

जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडच्या गावांत सून जेठासमोर तोंड उघडत नाही, त्याच्याशी बोलत नाही, आणि जेठही तिच्याकडे मान वर करून बघत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ह्याच गावात वाढलो. पण नाशिकच्या पडद्यावरच्या चित्रांत कोणाच्याच डोक्यावर पदर नव्हता, त्यामुळे तो माझ्याही डोक्यातून गेला.

"लगीन जमाडतस तव्हय पहिले नाती देखतस," बायको भाकर तव्यावर टाकत म्हणाली. "तुम्हीन जोड्या जमाड्यात आनि नाती देखी नहीत. माले इचारतात तं."

मग तिने बोटांवर मोजत ओळीतली एकेक बाई घेतली आणि ती कोणाची कोण ते सांगितलं. बाया माझ्याच गावच्या सुना, बाप्ये बहुतेक माझ्याच गावचे. कोणी कोणाचा जेठ, कोणी चुलतसासरा, कोणी मामेसासरा. निम्म्या ओळीचा जेठ तर मीच निघालो. गावात एका बाजूने 'थांब' म्हणायची सोय नाही, अशा जागी मी 'थांब'वर अख्खी योजना उभारली होती.

"मग मोठ्या भाऊंना काही सांगायचं असेल तर तू काय करतेस?" मी विचारलं. माझे थोरले भाऊ शेजारच्याच घरात राहतात.

"बांगड्या वाजाडस. जेठ खाकरतस. व्हई जास काम."

बांगड्यांचा आवाज जिनिंगमध्ये कोणाला ऐकू येणार? तिथे मोठ्याने बोललेलंही अर्धंच कानावर पडतं.

उपाय म्हणून मी आक्काला पट्ट्यांजवळ आणून उभं केलं. ती गावची लेक, सून नाही. लेकीला गावात सगळी मुभा. ती कोणालाही काहीही बोलू शकते, आणि तिला ते आवडतंही. आधीच्या वाटपात मी तिला, म्हणजे जिनिंगमधल्या एकमेव मोकळ्या तोंडाला, पार मागे सरकीच्या गोदामात बसवलं होतं. नव्या जागेवर आक्का बदली होऊन आलेल्या फौजदारासारखी वागू लागली. "आप्पा, रुमाल." "ए, बिडी इझाड." "शेठ, चप्पल घसरी, पाय उचला." शेठ पाय उचलून उचलून चालायला लागले. एकदा मला म्हणाली, "साहेब, पोट आत ल्या, पट्टाले लागी."

आठवडा सरेपर्यंत आक्काचा आवाज बसला. नुसती हवा यायची. ती केबिनमध्ये आली, स्टुलावर बसली आणि कुजबुजत म्हणाली, "बठ्ठासनी जबाबदारी म्हने. आनि गळा मन्हा एकलीना."

मी चहा मागवला. चहा पिऊन ती म्हणाली, "आखो एक. धाकटीनं सांगेल शे. आप्पाना रुमालनं टोक रोज पट्टाना जवळ जास. ती देखस आनि तिना जीव खालवर व्हस. रातले झोप येत नही तिले. ती म्हनस, आमले तोंड नही तं नही. मशीन बंद कराले काही तरी आमना हातमा द्या."

आता इथे मला एक गोष्ट सांगणं भाग आहे. सगळी यंत्रं बंद करणारा मुख्य स्विच माझ्या केबिनमधल्या कपाटात होता. कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या पॅंटच्या मागच्या खिशात. कारण विचाराल तर सांगायला कारणं होती. उगाच कोणी हात लावेल, काम अडेल वगैरे. खरं कारण एवढंच, की किल्ली ज्याच्या खिशात तो मॅनेजर. नाशिकहून येऊन मी बादल्या वाटल्या, बिडी वाटली, वायर वाटली, जोड्या वाटल्या. किल्ली तेवढी वाटायची राहिली होती.

"बघतो," मी आक्काला म्हटलं. 'बघतो'चा अर्थ आक्काला माहीत होता. कप उपडा ठेवून ती उठली.

किल्लीऐवजी मी आप्पांकडे गेलो. म्हटलं, रुमाल काढून ठेवत जा.

"सुनासमोर गळा उघडा ठी फिरू का आते?" आप्पा म्हणाले. "लोक काय म्हनतीन? आनि तुम्हना गळामा काय शे?"

माझ्या गळ्यात मफलर होता. जांभळा. सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेला. घोडे बघायला गेलो होतो आणि घोडा काही घेण्यासारखा नव्हता म्हणून मफलर घेतला. थंडी असो नसो, तो घातला की मला उगाचच कर्तबगार वाटायचं.

"मी कुठे पट्ट्याजवळ जातो," मी म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी गेलो. आक्का घसा धरून घरी राहिली होती. शेवटच्या यंत्राचा आवाज वेगळा येतोय असं फिटर म्हणाला. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण मॅनेजरने वाकून बघायचं असतं. मी उघड्या जाळीपाशी जाऊन वाकलो. पलीकडे धाकटी उभी होती. माझी नजर गेली तर ती पदराआडून तिच्या टोपलीशी बोलत होती. खाली टोपलीकडे बघत, हात हलवत, अगदी कळवळून.

"टोपली वं," मला आवाजातून तुटक तुटक ऐकू आलं, "सांग ना वं त्यासले..."

आमच्याकडे सुना थोरांशी असंच बोलतात. समोर माणूस असला तरी बोलायचं भिंतीशी, मांजराशी, नाहीतर टोपलीशी. ज्याने समजायचं तो समजतो. मी समजलो नाही. मला वाटलं, बाईला उन्हाचा त्रास झाला. माघातलं ऊन, तरी मला असं वाटलं. टोपलीत असं आहे तरी काय, म्हणून मी आणखी पुढे वाकलो.

मफलर गेला. गळ्याभोवती एकच वेढा होता, तोही ढिला, म्हणून मफलर गेला आणि मी राहिलो. मानेवरून तापलेली सळई फिरवावी तसं झालं आणि मी मागे जमिनीवर बसलो. वर मफलर पट्ट्याबरोबर फिरत होता. दांड्यापर्यंत जायचा, वळसा घ्यायचा, खाली यायचा, पुन्हा वर. कोणाच्या तरी लग्नाचं निशाण असावं तसा.

"किल्ली," फिटर माझ्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडत होता. "साहेब, किल्ली कथी शे?"

मी नुसतं खाली बोट दाखवलं. किल्ली मागच्या खिशात, त्या खिशावर मी बसलेलो. शेवटी दोन हमालांनी मला काखेत धरून उचललं, फिटरने मागच्या खिशात हात घातला. आधी रुमाल निघाला, मग सुपारीची पुडी, मग नाशिकचं जुनं बसतिकीट, मग किल्ली. तो केबिनकडे पळाला. यंत्रं थांबेपर्यंत मफलरच्या चिंध्या झाल्या होत्या. संध्याकाळी शेठ पांढऱ्याशुभ्र रुईची मूठ घेऊन केबिनमध्ये आले. "मुनीम, आपली रुईमा हाऊ जांभळा धागा कोठून उना?"

घरी बायकोने माझ्या मानेला तूप लावलं. मग म्हणाली, "मफलर गया, गळा ऱ्हायना. उलटं व्हतं तं मी मफलर ठी काय करतू?"

सकाळी उठून मी थेट शेठकडे गेलो आणि म्हणालो, बायांच्या हातात यंत्र बंद करायची सोय द्यायची आहे.

शेठ हादरले. "बायासना हातमा? कोनी पन उठी आनि बंद करी? मंग चहा पेवाले बंद करतीन, वाटनं तं बंद करतीन."

मी कॉलर खाली ओढली आणि मान दाखवली. शेठनी चष्मा लावून पाहिलं. मग चष्मा काढला, मारवाडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "लावा."

फिटरने ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बायांच्या छातीच्या उंचीवर एक जाड लाल दोरी ताणून बसवली. कुठूनही ओढली की मोटर बंद. कपाटाचं कुलूप मी काढलं. ते आता आमच्या घरी दाण्याच्या कोठीला आहे. मी भाषण केलं, की दोरी कोणीही ओढावी, कोणी जाब विचारणार नाही. शेवटी शेठ दोन शब्द बोलले. ते म्हणाले, "पन उगाच नही."

त्या एका वाक्याने दोरीला गाठ बसली. दिवस गेले, कोणी तिला हात लावेना. बाया तिच्याखालून वाकून जायच्या, पदरसुद्धा लागू द्यायच्या नाहीत. एके सकाळी पाहतो तर दोरीच्या खटक्यावर हळदीकुंकू. आमच्याकडे एखाद्या वस्तूची पूजा झाली की ती वापरातून गेली असं समजायचं. आणि आप्पा रोज वाकत होते, रुमालाचं टोक रोज पट्ट्यापाशी जात होतं. मी त्यांना बोललो, फिटर बोलला. ते 'हो' म्हणायचे, टोक खोचायचे, पुन्हा वाकले की टोक बाहेर.

आक्काचा आवाज परत आला होता. मी तिला म्हटलं, धाकटीला विचार, आता दोरी दिली तरी ओढत का नाही.

आक्काने उत्तर आणलं. "ती म्हनस, मी ओढी आनि काहीच नही व्हयनं तं? शेठ इचारी, कोनी ओढी, कसाले ओढी? घरमा जेठ समजतीन, मन्हा रुमाल ह्या बाईले खुपना. मंग मी तोंड कथं दपाडू?"

अपघात झाला तर दोरी ओढायला हवी होती असं सगळे म्हणणार. वेळेवर ओढली तर अपघात होणारच नाही, मग ओढली कशाला असं विचारणार. नाशिकच्या साहेबांनी याचं चित्र दाखवलं नव्हतं.

ते दुपारी घडलं, जेवणं झाल्यावर. मी केबिनच्या दारात चहा घेऊन उभा होतो. आणि आवाज बंद झाला. जिनिंगमध्ये काम करणाऱ्याला आवाज ऐकू येत नाही, तो बंद झालेला ऐकू येतो. मी धावलो. मोटर बंद होती, पण दांडा अजून आपल्या जोरावर फिरत होता, हळू हळू मंदावत. आप्पा उघड्या जाळीत वाकलेले. रुमालाचं टोक पट्ट्यावर टेकत होतं, निसटत होतं, पुन्हा टेकत होतं. प्रत्येक वेळी पट्टा जरा जास्त थकलेला. मग सगळंच थांबलं.

धाकटी दोन्ही हातांनी दोरी ओढून धरून उभी होती. पदर हनुवटीपर्यंत.

शेठ ऑफिसातून आले. "कोनी बंद करी?"

आप्पा सरळ झाले. त्यांनी रुमालाच्या टोकाकडे पाहिलं. त्याला काळं तेल लागलं होतं आणि काठ उसवला होता. ते टोक त्यांनी मुठीत घेतलं.

"मी," आप्पा म्हणाले. "मी ओढी दोरी."

दोरीकडे आप्पांची पाठ होती, आणि त्यांच्या एका हातात बुधली होती, दुसऱ्यात रुमाल. शेठनी दोरीकडे पाहिलं, तिच्यावरच्या बांगड्या घातलेल्या दोन हातांकडे पाहिलं, मग आप्पांकडे.

मला काय झालं कुणास ठाऊक. "नाही शेठ, मी ओढली," मी म्हणालो. माझ्या हातात भरलेला कप होता.

"मी ओढी, शेठ," फिटर लगेच म्हणाला. "तपासी ऱ्हायंतू."

"मीबी हात लावा व्हता," मागून हमालाचा आवाज आला.

"बठ्ठासनी ओढी," आक्का म्हणाली. "लिखी ल्या."

शेठनी एकेकाकडे बोट करून मोजलं. "इतला जनासनी ओढी," ते म्हणाले, "आनि तुटनी नही. चांगली दोरी शे." मग फिटरकडे वळले. "बरं, कर चालू."

फिटर बटनापाशी गेला आणि तसाच उभा राहिला. "दोरी ओढेल शे तोवर चालू व्हत नही, शेठ. सोडाले लागी."

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. ती सोडेना. शेठना वाटलं, घाबरली. मऊ आवाजात म्हणाले, "सोड बेटा, कोनी काही बोलाव नही." तिने सोडली नाही. आक्का तिच्याजवळ गेली, पदराला कान लावला. मग सरळ झाली आणि कोणाला काही न सांगता नुसती आप्पांच्या गळ्याकडे बघत राहिली. मग फिटर बघायला लागला, मग मी, मग हमाल, मग शेठ.

आप्पांनी भावजयीकडे पाहिलं नाही. त्यांनी गळ्यातून रुमाल काढला, चार घड्या घातल्या आणि ठेवायला जागा शोधत राहिले. फिटरने तो हातातून घेऊन भिंतीतल्या खिळ्याला अडकवला. आप्पांनी सदऱ्याचं वरचं बटन लावलं. कितीतरी वर्षांत न लावलेलं ते, काज्यात जाईना. त्यांनी बुधली खाली ठेवली, दोन्ही हातांनी लावलं आणि गळा झाकला गेल्याची बोटाने खात्री केली.

शेठसकट आम्ही सगळे त्या दोरीवरच्या हातांकडे बघत होतो. धाकटीने पदराच्या फटीतून आधी खिळ्याकडे पाहिलं, मग दोरी सोडली.